थूल मॅडमचा आरसा

शोकसभेत जो उठला तो म्हणाला, थूल मॅडम तापट होत्या. कुणी 'जरा तापट' म्हणालं, कुणी 'तापट, पण मनानं निर्मळ'. आमच्या निवृत्त हेडसरांना खास बोलावलं होतं. ते म्हणाले, "ज्ञान दांडगं. स्वभाव मात्र अग्नी. मधात ते दुर्बिणीचं एक प्रकरण झालं, पण गेलेल्या माणसाचं वाईट काढू नये. आपण विसरून जाऊ." हात जोडून खाली बसले. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही डोलली.

विसरून जाऊ! ज्या बाईनं काही केलंच नव्हतं तिला मेल्यावर माफी दिली आणि वरून हार घातला. घरी आलो तर जेवण जाईना. बायकोनं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही." हे 'काही नाही' मी फार वर्षं म्हणत आलोय. आता पुरे झालं.

मॅडम तापट होत्या हे खरंच. पण कशावर तापायच्या ते कुणी सांगितलं नाही. मी सांगतो.

देवळी तालुक्यातल्या एका गावात आमची शाळा. त्या विज्ञान शिकवायच्या, मी गणित. ठेंगण्या, काटक, केस मानेपर्यंत कापलेले. गावातल्या बायांनी त्यावर तोंडं वाकडी केली तेव्हा म्हणाल्या होत्या, "केस दुर्बिणीत जाते. तुमच्या डोळ्यात जाऊन राह्यले का?" भादवा सरेपर्यंत त्या ढगांवर चिडलेल्या असत. अगदी माणसावर चिडावं तसं. व्हरांड्यात उभं राहून वर बघत, "आता काऊन आला बे? जूनमध्ये कुठं मेलता?" आश्विन लागून आभाळ उघडलं की सोयाबीन काढणाऱ्या थ्रेशरच्या धुराळ्यावर चिडत. धुराळा बसला की गावातल्या चौकातल्या हायमास्ट दिव्यावर.

त्या दिव्याची एक गोष्टच आहे. ग्रामपंचायतीनं तो बसवला आणि शाळेचं मैदान लग्नाच्या मांडवासारखं झळझळायला लागलं. मॅडम सरपंचाकडं गेल्या. सरपंच म्हणाले, "मॅडम, उजेड आला तं विकास झाला. तुमाले अंधार कायले पायजे?" मॅडम परतल्या. पुढच्या शुक्रवारी दिवेलागणीला चौकात त्या दिव्याखाली खुर्ची टाकून बसल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारायला लागल्या, "वर पाय. किती तारे दिसते? मोज." दिसायचं काय, डोंबल. लोक हसत, पण थांबत. दोन-तीन शुक्रवार असे गेल्यावर गर्दी जमायला लागली आणि सरपंचच कंटाळून म्हणाले, "बंद करा बापा तो दिवा एखाद घंटा, नाईतर बाई मले निवडणुकीत पाडन." तेव्हापासून आश्विन-कार्तिकात दर शुक्रवारी संध्याकाळी तासभर आमचं गाव अंधारात असे. लोक त्याला 'मॅडमचं लोडशेडिंग' म्हणत.

दुर्बीण त्यांनी स्वतः बनवलेली. नळी, स्टँड वगैरे शाळेच्या पैशातून. पण दुर्बिणीचा जीव म्हणजे तिच्या बुडाशी बसवलेला आरसा, आणि तो आठ इंची आरसा मॅडमनी हातानं घासला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात एक रिकामा ड्रम उभा केला, त्यात पाणी भरलं म्हणजे हलणार नाही. ड्रमवर काचेची एक जाड तबकडी, तिच्यावर दुसरी, मधे घासायची पूड. तबकडी पुढं-मागं ढकलायची, एक पाऊल सरकायचं, पुन्हा ढकलायची. ड्रमभोवती प्रदक्षिणा. मे महिन्यातलं वर्ध्याचं ऊन, आणि ही बाई डोक्याला ओला दुपट्टा बांधून खर्र खर्र घासतेय. निकालाच्या कामासाठी आम्ही शाळेत यायचो, तेव्हा टिंगल करायचो.

"मॅडम, पीठ कवा निघते?" मी एकदा विचारलं.

"तुह्या डोक्यातला भुसा निघंल तवा. ये, धर इकडून. गणिताचा मास्तर ना तू? वक्रता म्हंजे काय ते हाताले समजू दे."

मी धरलं नाही. पँट खराब होईल म्हणालो.

दोन उन्हाळे त्यांनी त्यात घातले. एकदा एका बारीक खड्यानं ओरखडा पडला तर मागं जाऊन महिन्याभराचं काम पुन्हा केलं. शेवटी पुण्याला पाठवून त्याच्यावर चांदीसारखा मुलामा चढवून आणला. पार्सल उघडताना आम्ही सगळे भोवती. मॅडमनी आरशाला बोट लावलं नाही, कडेनं धरला आणि आमच्याकडं फिरवला. आमचे चेहरे त्यात भोपळ्याएवढे दिसले. कुणीतरी म्हणालं, "वा, हेडसर केवढे मोठे दिसून राह्यले." "आरशात का होईना," मॅडम म्हणाल्या. हेडसरही हसले. तेव्हा हसण्यावारी नेण्याइतपत बरं चाललं होतं.

शुक्रवारी रांग लावायचं काम माझ्याकडं. रांगेत सगळं गाव. मॅडम एका हातानं नळी सरकवत आणि तोंडानं रांगेला झोडपत. मोबाईल उजळला की, "विझव तो काजवा!" कुणी नळीला हात लावला की, "म्हैस हाय का ते, टेकून उभा राह्यला?" कुणी "काईच दिसत नाई" म्हणालं की, "डोळा उघड. नाई, तो नाई, दुसरा." आणि सगळ्यात जास्त राग कोजागिरीच्या चंद्रावर. पुनवेला लोक हौसेनं यायचे, मॅडम त्यांना पिटाळायच्या. "पुनवेचा चंद्र म्हंजे भर दुपारचं वावर. सावलीच नाई, तं खड्डा काय दिसन तुले? अष्टमीले येजो. तवा ऊन तिरपं पडते, मंग पाय डोंगर कसे उभे राह्यते." आणि खरंच, अष्टमीला जो डोळा लावी तो आधी गप्प होई आणि मग "ओ माय!" म्हणे. त्या 'ओ माय'साठी मॅडम थांबलेल्या असत. ते आलं की दुसरीकडं तोंड फिरवून घेत, हसताना कुणी पाहू नये म्हणून.

शनीच्या वेळी मात्र रांग पातळ व्हायची. आमच्याकडं शनीला सहसा कुणी नजर देत नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कांताआजी एकदा रांगेतून माघारी फिरल्या.

"मी नाई पाहत माय. त्यानं पायलं मले तं?"

"आजी, तो एवढ्या दूर हाय का त्याले पृथ्वीच धड दिसत नाई. तू कुठून दिसतं?"

"त्याले सारं दिसते. माह्या जावयाले दिसला नं बरोबर."

"जावई दारू पेते आजी. त्यात शनीचा काय गुन्हा?"

रांग खो खो हसली. आजी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, मग तरातरा पुढं आल्या आणि दुर्बिणीला डोळा लावला. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "अवं, हे तं नथीतल्या मोत्यासारखं हाय. याले काय भ्याचं?"

मी भ्यायचो. गणिताचा पदवीधर, बी.एड., आणि मला साडेसाती चालू होती. आई फोनवर रोज बजावायची आणि मी मास्तरखोलीत ज्याला त्याला सांगत फिरायचो. सबंध रांगेला शनी दाखवायचा आणि स्वतः डोळा लावायचा नाही, हे मी कित्येक शुक्रवार निभावलं. कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटायचं.

त्या वर्षी नवरात्रात माझी मुलगी डेंग्यूनं सावंगीला ॲडमिट होती. प्लेटलेट खाली खाली येत होत्या. बायको तिथं, मी शाळा आणि दवाखाना असा फिरत होतो. खंडेनवमीला शाळेत यंत्रांची पूजा असते. प्रयोगशाळेच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, तराजू, कॉम्प्युटर, शाळेची घंटा असं सगळं मांडतात आणि हेडसर कुंकू लावतात. मॅडम स्वतः बौद्ध. पूजेच्या वेळी त्या नेहमी बाहेर व्हरांड्यात थांबत. त्यावरून कुजबुज होई, त्यांना ती ठाऊक होती. त्या वर्षी हेडसरांनी दुर्बीणही मांडायला लावली. मॅडम दारातूनच म्हणाल्या, "नळीले काय लावाचं ते लावा. तोंडाचं झाकण काढलं तं माह्याशी गाठ हाय."

पूजा झाली, प्रसाद झाला, सगळे गेले. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडं होती. आईचा फोन आला: "पोरीचं काय म्हन्ते? अरे, ज्याच्यात शनिमहाराज दिसते ते तुह्यापुढं हाय अन् तू हात बांधून उभा? तेल वाय त्याले." चपराश्यानं पूजेच्या दिव्यासाठी आणलेलं तेल तिथंच होतं. उडीद मी खिशातच बाळगायचो.

मी झाकण काढलं आणि नळीच्या तोंडातून आत तेल सोडलं. वर चार काळे उडीद टाकले. हात जोडले. आणि मग आत डोकावलो, तर त्या आरशावरून तेलाचे ओघळ खाली येत होते.

घाबरलो. हात तिथवर पोचेना. मीटरपट्टीला रुमाल गुंडाळला आणि पुसायला लागलो. दिवसभर खडूनं माखलेला गणिताच्या मास्तरचा रुमाल. जितकं पुसावं तितकं पसरत गेलं. शेवटी झाकण लावलं, कुलूप लावलं आणि सावंगीला गेलो. त्या रात्रीपासून मुलीच्या प्लेटलेट वर यायला लागल्या. औषधानं आल्या, सलाईननं आल्या, मला कळत होतं. पण आतून कुणीतरी म्हणत होतं, तेल लागू पडलं. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही, कारण मॅडमच्या आरशापेक्षाही मला ह्याची लाज जास्त वाटते.

कोजागिरीला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. मॅडमची तोवर कुठल्याशा प्रशिक्षणाला नेमणूक होती, त्या त्याच दिवशी संध्याकाळी परतल्या. दुर्बीण चपराश्यांनी मैदानात आणून ठेवलेली. मॅडमनी नळी नुसती शनीवर लावली, तोच अध्यक्ष आले.

"थांबा, मले आंधी पाहू द्या," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, साहेब थांबणार का?" हेडसर म्हणाले आणि त्यांनी साहेबांना पुढं केलं.

साहेबांनी डोळा लावला. "हे काय? पिठल्यात बोट बुडवल्यावानी दिसून राह्यलं."

लोक हसले. मॅडमनी त्यांना जवळजवळ बाजूला सारलं, स्वतः पाहिलं, मग नळी खाली वाकवून लाल कागद लावलेली बॅटरी आत मारली.  वर आल्या, बॅटरी विझवली. "तेल," म्हणाल्या. "कोणी तरी आरशावर तेल ओतलं."

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी सगळ्यांना मास्तरखोलीत बोलावलं. दुर्बीण तिथंच कोपऱ्यात उभी होती. अध्यक्षांपुढं अपमान झाला म्हणून ते पेटलेले. चोर कोण हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. "मॅडम, पूजा तुम्हाला पटत नाही, आम्हाला माहीत आहे. पण पूजेचं नाव खराब करायला स्वतःच्याच दुर्बिणीवर तेल? शाळेची अब्रू घालवली तुम्ही."

"माह्या आरशावर मी तेल ओतीन?" मॅडमचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "दोन उन्हाळे घासला मी तो. माहं लेकरू हाय ते."

"तुमच्याकडं हे सगळं चालत नाही म्हणून..."

"आमच्याकडं काय चालते ते तुम्ही मले नका सांगू!" टेबलावरचा पेला उडाला. "ज्यानं केलं त्यानं उभं राहावं. मी काई म्हणत नाई त्याले. फक्त उभं राहावं."

त्या एकेकाकडं पाहत गेल्या. माझ्यापाशी त्यांची नजर थांबली. मी घड्याळाकडं पाहिलं. तास व्हायला थोडा वेळ होता. कुणीही उभं राहिलं नाही. हेडसर म्हणाले, "बघा, आहे का कोणी?"

तेव्हा मॅडम उठल्या. सगळ्यांदेखत नळीच्या बुडाचे स्क्रू काढले, आरसा बाहेर घेतला, दुपट्ट्यात गुंडाळला. "शाळेची मालमत्ता आहे ती," हेडसर म्हणाले. "नळी तुमची. तिच्यात उसाचा रस काढा," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या. दिवाळीनंतर संस्थेनं त्यांची बदली हिंगणीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या शाखेत केली. जाताना निरोपसमारंभ झाला नाही. चौकातला हायमास्ट शुक्रवारी पुन्हा जळायला लागला. विकास परतला.

मला राग येतो तो इथं. हेडसरांचा येतो, त्यांनी जातीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांनी ते चहाबरोबर गिळलं, त्याचा येतो. पण ते सगळे मिळून निदान काहीतरी खरं समजून बोलत होते. मला एकट्याला ठाऊक होतं, आणि माझी मुलगी दवाखान्यात उठून बसून खिचडी खात होती, आणि मी घड्याळ बघत होतो. भित्रेपणाला लोक 'संकोची स्वभाव' म्हणतात. माझ्याबद्दल मास्तरखोलीत असंच म्हणतात: उमाटे सर, फार संकोची.

मधे वर्षं गेली. मॅडम तिकडं पुन्हा दुर्बीण लावतात असं कानावर यायचं. गेल्या आश्विनात, अष्टमीला, मी मोटरसायकल काढली आणि गेलो.

शाळेमागच्या पडीत जागेत त्या होत्या. पत्र्याची नवी नळी, आत तोच आरसा. एक उन्हाळा पुन्हा ड्रमभोवती फिरून त्यांनी तो नव्यानं घासला आणि पुन्हा मुलामा चढवून आणला होता, हे मला तिथल्याच एका शिक्षकानं सांगितलं. केस पांढरे झालेले. चंद्र दक्षिणेला, शनी पूर्वेला झाडांवर आलेला, आणि मॅडम एका शेतकऱ्यावर खेकसत होत्या.

"मॅडम, याचं कडं कुठं गेलं? मागं तं होतं."

"कुठं जाईन? ताट डोळ्यापुढं आडवं धरलं का काठच दिसते नं? तसं. दोन-तीन सालानं ये, मंग पाय कसं उघडते."

"तवालोक मी राह्यलो तं."

"राह्यजो. माह्यासाठी नाई तं त्याच्यासाठी राह्यजो."

मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "काबे उमाटे, वाट चुकला का?" रांगेला 'थांबा' म्हणून त्या बाजूला आल्या. मी सगळं सांगितलं. तेल, उडीद, मीटरपट्टी, रुमाल. पाठ करून आलो होतो तसं सांगितलं. 

"मले काय सांगतं? मले तं माईत होतं," त्या म्हणाल्या.

"माहीत होतं? कसं?" मी विचारलं.

"आरशाच्या खोबणीत उडदाचा दाणा अडकला होता. खडूची भुकटी होती. शाळेत साडेसाती एकाचीच चालू होती, अन् तो एकदाही शनीले डोळा लावत नव्हता. मी काय आंधळी हाय?"

"मग तुम्ही त्या दिवशी नाव..."

"नाव घेतलं असतं तं म्हटलं असतं, आता ही दुसऱ्यावर ढकलून राह्यली. तुह्या तोंडातून यायले पायजे होतं." आणि मग त्यांचा आवाज चढला, रांगेतले लोक वळून पाहायला लागले. "पोरगी बिमार होती म्हणून तवा चूप राह्यली मी. म्हटलं, बाप हाय, घाबरला असंल, पोरगी घरी आली का बोलन. पोरगी घरी आली. दिवाळी झाली. माही बदली झाली. तू स्टँडवर मले पाहून पानठेल्यामागं गेलता! मी वाट पाहून राह्यलती रे, उमाटे! एवढे साल मी तुही वाट पाहून राह्यली!"

मी हात जोडले.

"इथं नको सांगू. इथं मले कोणी चोर म्हणत नाई. तिथं सांग. त्याच खोलीत, त्याच लोकाइपुढं. सांगशीन?"

"हो."

"कवा?"

हेडसर तेव्हा निवृत्तीला आले होते. माझ्या पगाराच्या वरिष्ठ श्रेणीचा कागद त्यांच्या सहीसाठी अडला होता. हे मॅडमना माहीत नव्हतं, मला होतं.

"दिवाळीच्या सुट्ट्या झाल्या का सांगतो," मी म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. एका क्षणापूर्वी त्यांच्या कपाळावरची शीर फुगलेली मी बघितली होती. ती बसली. तोंड अगदी शांत झालं, घरी आलेल्या नवख्या पाहुण्यापुढं होतं तसं. त्यांनी मला एवढ्या वर्षांत कधी खुर्ची दिली नव्हती. आता एकाला खुर्ची आणायला सांगितली.

"बसा सर," त्या म्हणाल्या. "चहा घेऊन जाजा. रस्त्यात रानडुकरं येते, गाडी हळू चालवजा."

आणि रांगेकडं वळून, नळी हातानं सरकवत, पुढच्या माणसावर जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "अरे, डोळा लाव नं लवकर! कवाचा वाट पाहून राह्यला!"